दोनास तीन

"काका, तुमचा थर्मास द्या."

मी मान वर केली. प्रमिला घनसावंत टेबलापुढं हात पसरून उभी होती. दुसऱ्या हातात लाकडी चिमट्यात धरलेली काचेची लांब नळी, तोंडाला बूच.

"चहा आहे त्यात," मी म्हणालो.

"पिऊन टाका."

"साडेअकरा वाजलेत, ताई. तो दोनपर्यंत पुरवायचा असतो मला."

"मग तीन दिवस चहा बंद. ही नळी हळूहळू थंड व्हायला हवी. जितकी हळू, तितके स्फटिक मोठे. विभागात सगळ्यात हळू थंड होणारी वस्तू दोनच. एक तुमचा थर्मास."

"आणि दुसरी?"

"माझी फेलोशिपची फाइल. पण तिच्यात नळी मावत नाही."

मी उभ्या उभ्या तीन कप चहा प्यालो आणि थर्मास तिच्या हवाली केला.

मी तेव्हा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. अकरा वर्षं झाली होती, अकराही हंगामी. दर जूनला नवा आदेश यायचा आणि दर मेमध्ये माझ्या बायकोच्या पोटात गोळा उठायचा. काचसामान, निर्वात पंप, बाहेर जाणारी पार्सलं, सगळं माझ्याकडं. फुटलेल्या काचेची एक नोंदवहीही माझ्याकडं होती आणि खरं सांगायचं तर माणसं मी त्या वहीवरून ओळखायचो. विभागात बारा संशोधक होते. अकरा जण फुटकं चंचुपात्र गुपचूप कपाटात मागं सरकवून ठेवायचे आणि सापडलं की म्हणायचे, "काका, याला आधीपासूनच तडा होता." प्रमिला मात्र तुकडे कागदात बांधून आणायची. वहीत रकाना असायचा, 'कारण' म्हणून. त्यात ती लिहायची, 'माझ्या हातून फुटले', आणि खाली सही. चार वर्षांत असं सात वेळा. बाकीच्या अकरांचं मिळून एकदाही नाही. त्यावरून हिशेब केला तर विभागात सगळ्यात धांदरट पोरगी तीच ठरत होती. नोंदी अशाच असतात.

ती परतूरची. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. तिनं दोन वर्षं खपून एक पिवळा पदार्थ तयार केला होता. त्याचं नाव दीड ओळ लांब होतं, म्हणून आम्ही सगळे त्याला 'पिवळी' म्हणायचो. अकरा पायऱ्यांनी तो बनायचा. पहिल्या पायरीला मूठभर माल घ्यायचा आणि अकराव्या पायरीला चिमूटभर उरायचा. दोन वर्षांची पिवळी एका छोट्या बाटलीच्या बुडाशी बसली होती, ग्रॅमभरसुद्धा नाही.

थर्मास घेऊन गेली तशी पाच मिनिटांनी परत आली. "या, बघा तरी तुमच्या चहाच्या जागी काय चाललंय."

मी गेलो. तिनं नळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात धरली होती. आत गरम बेंझीनमध्ये विरघळलेली पिवळी, हिरवट झाक मारणारी. शेजारी दुसऱ्या पात्रात आयोडीनचं द्रावण, जांभळट लाल.

"बघा हं," म्हणाली, आणि लाल द्रावण पिवळ्यात ओतलं.

पापणी लवायच्या आत दोन्ही रंग गेले. नळीत काळंभोर काहीतरी उरलं.

"एक देणारा आहे, एक घेणारा," तिनं बूच बसवत सांगितलं. "पिवळी देणार, आयोडीन घेणार. देणाऱ्याचा इलेक्ट्रॉन घेणाऱ्याकडं थोडा सरकतो. पुरता जात नाही, पुरता राहतही नाही. त्या ओढाताणीचा हा रंग."

"म्हणजे लग्नच की."

"लग्नात एकच काळवंडतं, काका. इथं दोघं."

तीन दिवसांनी थर्मास उघडला. नळीच्या तळाशी काळ्या सुया पडल्या होत्या, उन्हात धरल्या की भुंग्याच्या पाठीसारख्या हिरव्या चमकायच्या. तिनं त्या गाळल्या, गार बेंझीननं धुतल्या, गाळणकागदावर सुकवल्या. रोज वजन केलं. आठ दिवस वजन हललं नाही. किती पिवळी घातली, किती आयोडीन घातलं, गाळून किती परत आलं, सगळं जोडून तिनं हिशेब मांडला. दोन भाग पिवळी, तीन भाग आयोडीन. दोनास तीन.

थोड्या सुया शेजारच्या भौतिकशास्त्र विभागानं नेल्या, त्यांना चांदीचा लेप लावून वीज खेळवली आणि दुपारी त्यांचे रीडर सर स्वतः चालत आले. सेंद्रिय पदार्थातून एवढी वीज वाहते हे त्यांना पटेना. मीटर बिघडला असेल म्हणून त्यांनी दोन मीटर बदलून पाहिले होते.

तिचे मार्गदर्शक हुपरीकर सर तसे कोरडे गृहस्थ. कुणाच्या लग्नाला गेले तरी हॉलमध्ये हवा कुठून येते ते आधी बघायचे. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खिशातून सगळ्या विभागाला भजी खाऊ घातली. त्याच आठवड्यात परिषदेला निबंध धाडला. शीर्षकातच 'दोनास तीन'.

"आता एकच राहिलं," सर म्हणाले. "बाहेरच्या संस्थेचा रिपोर्ट. आयोडीन किती टक्के ते त्यांनी लिहून दिलं की तुझा प्रबंध टंकायला दे. साठ टक्के आलं पाहिजे."

"येईल सर."

"जूनमध्ये अधिव्याख्यात्याची जागा निघते आहे. तोवर पदवी हातात हवी."

संध्याकाळी जाताना ती जिन्यावर मला म्हणाली, "काका, बाबा विचारतात, अजून किती दिवस? मी म्हटलं, साठ टक्के आले की संपलं. त्यांना वाटतं परीक्षेचे मार्क आहेत."

शुक्रवारी ती परतूरला निघाली. धाकट्या भावाची सोयरीक होती. जाताना काळ्या सुयांची छोटी नळी माझ्या टेबलावर ठेवली. नळीला चिठ्ठी चिकटवलेली होती. तिचं नाव, तारीख आणि वजन, दोनशे बारा मिलिग्रॅम.

"एवढंच उरलंय. सोमवारी पार्सल करा."

"आणि हे बिघडलं तर?"

"तर आणखी दोन वर्षं पिवळी बनवायची. तेवढी मला कुणी देणार नाही." मग बोट उचलून म्हणाली, "एक लक्षात ठेवा. हे पंपाला लावायचं नाही. नुसतं हवेवर सुकलंय, तेवढं पुरे आहे. आयोडीन आत नुसतं टेकून बसलंय. पंपाची ओढ बसली की उठून जाईल."

"ताई, गेल्या वर्षीचं विसरलात? देवधरांचा नमुना ओला गेला म्हणून परत आला आणि सरांनी मला लेखी मेमो दिला. 'प्रत्येक नमुना पंपावर सुकवूनच पाठवावा.' अजून फायलीत आहे तो."

"सरांशी मी बोललेय. याला सूट आहे."

"लेखी?"

"काका!" ती हसली. "तुमचा थर्मास घेतला तेव्हा लेखी दिलं होतं का?"

ती गेली. सोमवारी सकाळी मी नळीला कापूस गुंडाळला, लाकडी खोक्यात घातली, लाख लावली आणि टपालात टाकली.

रिपोर्ट यायला पाच आठवडे लागले.

लिफाफा सरांनी स्वतः फोडला. मी त्यांच्या खोलीत स्टुलावर चढून पंख्याच्या रेग्युलेटरशी खटपट करत होतो. प्रमिला दारात उभी होती. आत ये म्हणून सांगायचं सरांना सुचलं नाही.

सरांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

"काय सर?"

"आयोडीन. एक्केचाळीस टक्के."

ती आत आली. कागद हातात घेऊन उभी राहिली. मग टेबलावरची पेन्सिल न विचारता उचलली आणि रिपोर्टच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. तिचा हात भरभर चालायचा, त्या दिवशी आकडा आकडा थांबत होता.

"दोनास तीन नाही," सर म्हणाले. "एकास एक नाही. तीनास दोनही धड नाही. निसर्गात असा पदार्थ नसतो, प्रमिला."

"आयोडीन उडालं असेल सर."

"हवेवर आठ दिवस ठेवून वजन हललं नाही असं तूच वहीत लिहिलं आहेस."

"हो."

"मग हवेवर उडत नाही. की ते वजनही..." सरांनी वाक्य सोडून दिलं.

"ते वजनही काय सर?"

"डोईफोडे," सर माझ्याकडं वळले, "हा नमुना पंपाला लावला होता का?"

मी स्टुलावरून खाली उतरलो.

"नाही सर. ताई म्हणाल्या होत्या, लावू नका."

"पंपाची वही आणा."

मी आणली. पंप कधी सुरू, कधी बंद, कुणाचा नमुना, सगळं तिच्यात असायचं. सरांनी त्या आठवड्याचं पान काढलं. शुक्रवार दुपारनंतर थेट मंगळवार. मध्ये काही नाही.

सरांनी वही मिटली. प्रमिला माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. उलट मला या भानगडीत ओढलं याचाच तिला संकोच वाटत होता.

"काकांना कशाला विचारता सर," ती म्हणाली. "ते माझं ऐकतात."

"मग राहिलं काय?" सर हळू आवाजात म्हणाले, आणि तो आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "छापील संशोधनात अशाच एका पदार्थाचं प्रमाण दोनास तीन दिलेलं आहे. ते तू वाचलं होतंस. मीच वाचायला दिलं होतं. तुझे आकडे त्याच्याशी इतके चपखल जुळले तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

"मी आकडे बनवले नाहीत सर."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"म्हटलंत सर."

सरांनी परिषदेचा निबंध तारेनं मागं घेतला. ती तार मीच नेऊन टाकली. विभागात कुणी उघड काही बोललं नाही. नुसतं ती तराजूच्या खोलीत गेली की कुणीतरी काहीतरी शोधायला मागोमाग आत जायचं. देवधरनं तिला चहाच्या टेबलावर विचारलं, "काय हो, तराजू तुमचा, मग बुद्धिबळ कुणाचं?" त्याला बहुधा स्वतःलाच त्याचा अर्थ माहीत नव्हता, तरी चौघं हसले. मी हसलो नाही. मी तिला चहा ओतून दिला. थर्मास तोच.

तिनं दीड महिना धडपड केली. भौतिकशास्त्रवाल्यांकडून उरलेल्या सुया मागून आणल्या, पण त्यांना चांदीचा लेप होता, त्या कशाच्याच कामाच्या नव्हत्या. पिवळी पुन्हा करायला घेतली, तिसऱ्या पायरीपर्यंत पोचली. मार्चमध्ये फेलोशिपच्या मुदतवाढीच्या अर्जावर सरांनी शिफारस लिहिली नाही. नाही असंही लिहिलं नाही. तो रकाना कोराच ठेवला.

एप्रिलमध्ये ती सगळं काचसामान टोपलीत घालून माझ्याकडं आली. मी एकेक वस्तू वहीशी ताडून घेतली. शेवटी एक कागदाची पुडी उरली.

"हे काय?"

"काल धुताना मोजनळी फुटली." तिनं वही ओढून घेतली आणि रकान्यात लिहिलं, 'माझ्या हातून फुटले.' खाली सही केली. ही आठवी.

"राहू द्या ना, ताई. आता कोण विचारतंय?"

"असू द्या काका. निदान ही तरी नोंद खरी राहील."

जिन्यावरून तिची पावलं खाली गेली. मी पुडी उघडून तुकडे मोजले. सात होते. का मोजले ते मला माहीत नाही.

आता सोमवारचं सांगतो. म्हणजे खरं तर शनिवारचं.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. दहा वाजता मी टपालाची तयारी करत होतो. नळी उजेडात धरली. सुया कोरड्या दिसत होत्या. पण मेमोही डोळ्यांपुढं होता. मनात आलं, एक तासभर लावू. तासाभरात काय उडतंय? पोरगी हुशार आहे, पण पंप माझा आहे. अकरा वर्षं मी तो चालवलाय. निम्मा विभाग माझ्या पंपावर पीएच.डी. झाला. मी नळी जोडली आणि बटण दाबलं. वहीत वेळ नंतर, बंद करताना लिहू म्हटलं.

अकरा वाजता मुख्य इमारतीतून निरोप आला. आस्थापनेतले चौधरी बोलावताहेत, डोईफोडे, तुमची कायम होण्याची फाइल कुलसचिवांच्या टेबलावर गेली, आत्ताच्या आत्ता सेवापुस्तक घेऊन या. अकरा वर्षांनी ते शब्द ऐकले. मी धावत गेलो. तिथं तीन वाजले. चौधरींनी हात हातात घेऊन सांगितलं, आता फक्त सही. मात्र सही होईपर्यंत जपून राहा, एखादी तक्रार, एखादा मेमो आला की झालं. मी तिथूनच पेढे घेऊन घरी गेलो. रविवारी सासुरवाडीची माणसं आली.

पंप आठवला तो सोमवारी सकाळी विभागाचं कुलूप उघडताना. जिन्याच्या पायथ्याशीच त्याची घरघर ऐकू येत होती.

रबरी नळी आतून तपकिरी झाली होती. पंपाच्या अलीकडं वाफ अडवणारा काचेचा सापळा जांभळा, वर चढून आलेल्या बारीक चकचकीत कणांनी भरलेला. सुया तशाच होत्या, काळ्याच, फक्त त्यांच्यातली हिरवी चमक गेली होती. मी तराजूवर ठेवल्या. एकशे त्रेचाळीस मिलिग्रॅम.

कुणी आलं नव्हतं. मी रबरी नळी बदलली. सापळ्यात आयोडीन मारणारं हायपोचं पाणी ओतलं. जांभळा रंग डोळ्यांदेखत नाहीसा झाला, पाणी आधी होतं तसं पांढरं. त्यानंतर चिठ्ठी काढली. तिच्यावर तिच्या अक्षरात दोनशे बारा होतं. मी नवी चिठ्ठी लिहिली, नाव आणि तारीख. वजन लिहायचा तसा काही नियम नव्हता.

थोडं कमी येईल, असं मी धरून चाललो होतो. पंचावन्न वगैरे. हुशार पोरगी आहे, काढेल काहीतरी मार्ग.

माझ्या फायलीवर मेमध्ये सही झाली. त्या मेमध्ये बायकोच्या पोटात गोळा आला नाही.

एकोणीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी काचसामानाच्या एका दुकानासाठी कॉलेजं फिरायला लागलो. नमुन्याच्या बुरेटा, म्हणजे मापाच्या लांब काचनळ्या, पिशवीत घालून तालुक्या तालुक्याला जायचं, मागणी लिहून आणायची. असाच एका उच्च माध्यमिक शाळेत गेलो. प्रयोगशाळेच्या दारात शिपायाला म्हटलं, रसायनाच्या बाई कुठायत? आतून आवाज आला, "डोईफोडे काका?"

केस पांढरे झाले होते. चष्मा जाड. पण हात पसरायची सवय तीच.

"थर्मास आणलाय का?"

ती मनापासून हसली. मला खुर्ची दिली, चहा मागवला, बायकोचं, मुलांचं नावानिशी विचारलं. तिनं लग्न केलं नव्हतं. आईवडील होते तोवर परतूरहून येऊन जाऊन करत होती. हुपरीकर सर गेल्याचं तिला पेपरातून कळलं होतं.

"शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की मी आकडे बनवले," ती म्हणाली. "मी दिवाळीला पत्र पाठवायचे. उत्तर कधी आलं नाही."

"जाऊ द्या, ताई. जुनं झालं."

"तुम्ही एकटेच माझ्याशी पहिल्यासारखे वागत होतात. तो चहा मी विसरले नाही."

मी कपात बघत राहिलो.

"खरं सांगू का काका? पहिली काही वर्षं मी मानतच नव्हते. बनवले नाहीत तर नाहीत. रात्र रात्र आकडे डोक्यात फिरायचे. मग एक दिवस वाटलं, बनवले नसतील, पण चुकले तर असेन? एखादं वजन वाचताना चुकले असेन. तराजू माझा, डोळे माझे, तिथं दुसरं होतं कोण? तसं एकदा मानलं आणि मग झोप लागायला लागली." ती सहज सांगत होती, एखाद्या जुन्या आजाराबद्दल सांगावं तसं. "आता प्रत्येक वजन तीनदा करते. पोरं हसतात. तरी भरवसा नाही."

माझ्या तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. ओठ उघडलेही. मग मनात आलं, हिला झोप लागायला लागली आहे. आणि लगेच हेही आलं की पेन्शन अजून विद्यापीठच देतं. यातलं कुठलं आधी आलं, ते मी आजवर नक्की करू शकलेलो नाही.

"तुमची बुरेट बघू तरी," म्हणत ती उठली. दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकाचं द्रावण करून ठेवलेलं होतं. आयोडीन आणि हायपो. तिनं माझी बुरेट स्टँडला लावली, हायपो भरला आणि थेंब थेंब सोडायला लागली. खालच्या पात्रातलं गडद निळं पाणी शेवटच्या थेंबाला एकदम पांढरं झालं.

तिनं डोळे बारीक करून बुरेट वाचली आणि वहीत आकडा लिहिला. मग बाजूला सरकली.

"काका, तुम्ही वाचा बरं. माझं काही खरं नसतं."

मी वाकलो. डोळा रेषेच्या पातळीला आणला. चार वेळा वाचलं.

"अठरा पॉइंट चार," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, ताई."

तिनं वहीतला स्वतःचा आकडा आडवी रेघ मारून खोडला आणि पुढं माझा आकडा लिहिला. मी वरून पाहिलं. खोडलेलाही अठरा पॉइंट चारच होता.

बारा बुरेटांची मागणी घेऊन मी चारच्या एसटीनं परत आलो.